सांभाळणाऱ्याचं नाव

"अक्षर. अक्षर. अक्षर. अक्षर. स्वल्पविराम. अक्षर. अक्षर."

पवित्रन माषांनी, म्हणजे मास्तरांनी, हेडफोन काढला, झटकला, पुन्हा कानाला लावला. खाली जायचा बाण दाबला. मशीन त्याच थंडपणे म्हणालं, "अक्षर. अक्षर. अक्षर. पूर्णविराम."

"अरे, अक्षर आहे हे मलाही कळतंय! कुठलं ते सांग ना, मेल्या!"

संगणकाच्या खोलीत त्या वेळी फक्त जिषा टीचर होत्या. शाळेतले सगळे संगणक त्यांच्या ताब्यात. ओणमच्या सुट्टीत त्यांनी सतराच्या सतरा मशीनांवर नवी आवृत्ती घातली होती. वरून हुकूमच होता तसा, सगळ्या सरकारी शाळांना. पहिल्याच दिवशी माष आले, मोठ्या हौशीने बसले आणि ही गत.

"इंग्रजी वाचतंय ना, माष?"

"इंग्रजी खडाखडा वाचतंय. मलयाळम आलं की अक्षर, अक्षर. माझी आई मलयाळम बोलायची टीचर, अक्षर-अक्षर नाही."

जिषा टीचरना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. माष चिडले की त्यांना हसू ऐकू येतं, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

केरळातल्या वडकराजवळच्या त्या हायस्कुलात इतिहास शिकवून माषांना चोवीस वर्षं झाली होती. वयाच्या सहाव्या वर्षी गोवर आला आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. त्याचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही. त्यांना राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा, दुसऱ्याच्या तोंडून वाचण्याचा. घरी धाकटी बहीण पेपर वाचून दाखवायची. कंटाळा आला की म्हणायची, "एट्टा, आज अग्रलेख छापलाच नाही." आठवड्यातून चार दिवस अग्रलेख छापलाच जायचा नाही. मग चाळिशीच्या अलीकडे कोणीतरी त्यांच्यासमोर एक बोलणारा संगणक ठेवला. विकतचा नाही, मुक्त सॉफ्टवेअरचा. जगभरच्या लोकांनी फावल्या वेळात मिळून बनवलेला. त्याने घशात खडे अडकल्यासारख्या आवाजात मलयाळममधला अख्खा अग्रलेख वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकही वाक्य न गाळता. अग्रलेख रटाळ होता. माष रडले.

तेव्हापासून त्यांचं डोकंच फिरलं म्हणा ना! मोर्च्यात फलक धरला, वाचनालयांच्या ओसरीवर भाषणं केली, लोकांच्या घरी जाऊन जाऊन त्यांच्या मशीनवर ही सिस्टिम घातली. गणिताचे सुगुणन माष विकतच्या सिस्टिमवाले. ते दर नव्या आवृत्तीला विचारायचे, "काय माष, फुकटातली गाय या वेळी लाथ मारते की दूध देते?" त्यावर पवित्रन माष ठरलेलं उत्तर द्यायचे, "फुकट म्हणून नाही हो, आपली म्हणून."

खरं तर ही आपली गाय दर दोन वर्षांनी लाथ मारायचीच. कधी ब्राउझर मुका व्हायचा, कधी आवाज एवढा सावकाश की रामाचं नाव घ्यायला पाच मिनिटं. माष शिव्या घालायचे, कुठेतरी काहीतरी बदलायचे आणि गाडं पुढे ढकलायचे. पण या वेळी गोष्ट एकट्या माषांची नव्हती.

दहावीत मुफीदा होती. स्टँडवर चहाची टपरी चालवणाऱ्या मोयदूंची मुलगी (त्यांना ती उप्पा म्हणायची), जन्मापासून आंधळी आणि तोंडाने फटकळ. ती दर परीक्षेला उत्तरं सांगायची आणि नववीतली एक मुलगी लिहायची. नियमच तसा आहे. पण मुफीदाला ते सहन होत नव्हतं.

"माष, ती जांभया देते," ती म्हणाली होती. "मी चार वाक्यं सांगितली की म्हणते, चेची, ताई ना माझी, पुरे ना. मलबारच्या बंडावर मी पान भरून सांगितलं. जिषा टीचरनी पेपर वाचून दाखवला तर सात ओळी! बाकीचं बंड तिने मोडून काढलं."

माषांना बहिणीचा न छापलेला अग्रलेख आठवला. पोरीला त्यांनी आठवीपासून कीबोर्डावर बसवलं होतं. ती आता त्यांच्यापेक्षा दुप्पट वेगाने ऐकायची आणि टाइप करायची. तेव्हा त्यांनी अर्ज केला, की हिला दहावीचा पेपर स्वतःच्या हाताने, संगणकावर लिहू द्या. पहिल्या अर्जाचं उत्तर आलं नाही. दुसरा हरवला. तिसऱ्यावर विचारणा आली की विद्यार्थिनीला दिसत नसताना ती पडद्यावर कसं वाचणार? चौथ्यानंतर जुलैमध्ये परवानगी मिळाली, अटींसकट. संगणक शाळेचाच हवा. त्यावर सध्याची मंजूर आवृत्तीच हवी. बाहेरचं काहीही घालायचं नाही. घातलेलं सापडलं तर पेपर रद्द. आणि फेब्रुवारीच्या सराव परीक्षेत हे सगळं सुरळीत चालल्याचं दाखवायचं, नाहीतर मुकाट्याने लेखनिक घ्यायचा.

जुलैमध्ये सगळं चालत होतं. ओणमनंतर सध्याची मंजूर आवृत्ती म्हणजे ही, अक्षर-अक्षरवाली.

माषांनी त्याच दुपारी तक्रार लिहिली. सिस्टिम जगाची, तक्रारवहीही जगाची, कोणीही लिहावं. उत्तर तीन मिनिटांत आलं आणि माष हरखले. ते यंत्राचं होतं: आपली तक्रार मिळाली, आभारी आहोत. माणसाचं उत्तर यायला एकोणीस दिवस लागले. आज सकाळीच तयार झालेली सगळ्यात ताजी आवृत्ती घालून बघा आणि तिच्यातही असंच होतं का ते कळवा. जिषा टीचरनी बिचारीने शनिवार घालवून एका जुन्या मशीनवर ती घातली. तिच्यात इंग्रजीही बंद. माषांनी इमानाने कळवलं: "बरीच सुधारणा आहे. आता दोन्ही भाषा सारख्याच मुक्या आहेत."

मग कोणीतरी कसलीशी नोंद मागितली. ती पाठवली. ती चुकीची निघाली. दुसरी पाठवली. मग शांतता. नोव्हेंबरमध्ये शालेय कलोत्सव आला, माष वक्तृत्वाच्या परीक्षणाला गेले, परत येऊन बघतात तर तक्रार बंद! महिनाभर कोणी काही बोललं नाही, सबब प्रश्न उरलेला नाही असं समजून ती मिटवली आहे, असं एक यंत्र लिहून गेलं होतं.

"प्रश्न उरलेला नाही!" माष स्टाफरूममध्ये गरजले. "अहो, मी इथे बसलोय ना, उरलेला!"

"म्हणूनच म्हणतो माष, पैसे टाकून घ्या," सुगुणन माष म्हणाले. "निदान शिव्या घालायला एक पत्ता तरी मिळतो."

"पैसे टाकून तुम्ही काय घेतलंत? गेल्या महिन्यात तुमच्या मशीनने मार्कांची यादी गिळली तेव्हा कोणत्या पत्त्यावर गेला होतात रडायला?"

"तुमच्याकडे आलो होतो," सुगुणन माषांनी कबूल केलं, आणि चहा पुढे सरकवला.

मुफीदा रोज मधल्या सुट्टीत येऊन दारात उभी राहायची. विचारायची काही नाही. माषच म्हणायचे, "अजून नाही गं." ती "बरं" म्हणायची. त्या "बरं"चा माषांना धसका बसला होता. वाद घालणारी पोर दोन अक्षरांवर भागवायला लागली की समजावं, तिचा भरवसा उडत चालला आहे.

डिसेंबरमध्ये माषांनी तक्रार पुन्हा उघडली आणि या वेळी सभ्यपणा गुंडाळून ठेवला. एका मुलीची परीक्षा तुमच्या हलगर्जीपणामुळे बुडते आहे, असं सरळ लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं. प्राग शहरातल्या मार्केटा नावाच्या बाईचं. ती नोकरीत ग्रंथपाल आणि उरलेल्या वेळात हे काम बघायची. तिने लिहिलं होतं, की बिघाड काहीच नाही. मलयाळम उच्चारांच्या नियमांचं एक छोटं पुडकं असतं, ते नव्या आवृत्तीतून काढून टाकलं आहे. त्याला सांभाळणारं कोणी उरलं नव्हतं. ज्याचं नाव नोंदलेलं होतं त्याला दोन वर्षांत पाच पत्रं पाठवली, त्याने एकालाही उत्तर दिलं नाही.

माषांचा पारा असा काही चढला की विचारू नका. इतके दिवस भांडायला समोर कोणीच नव्हतं. कधी यंत्र, कधी नियम, कधी नोंद. आता एक जिवंत माणूस सापडला. आळशी, बेजबाबदार, पाच पत्रं खाऊन बसलेला माणूस! त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं: "या सद्गृहस्थाचं नाव कृपा करून कळवावं. केरळातला असेल तर मी स्वतः त्याच्या घरी जाऊन आभार मानीन."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत उत्तर आलं. स्टाफरूम भरलेली होती. मुफीदा नेहमीसारखी दारात. माषांना कसला धीर उरला होता! त्यांनी हेडफोनची पिन उपटली.

"ऐका सगळे! इतके दिवस मला हसलात ना? आता ऐका, कोणाचे हे उपकार आहेत ते."

मशीन इंग्रजीत, एका सुरात वाचू लागलं. पुडक्याचं नाव: मलयाळम उच्चार नियम. पाठवलेली पत्रं: पाच. आलेली उत्तरं: शून्य. सांभाळणारा: पवित्रन के. पी., वडकरा, केरळ.

आवाज थांबला. कोणाचा तरी डब्याचं झाकण लावता लावता हात थबकला. सुगुणन माषसुद्धा काही बोलले नाहीत, आणि पवित्रन माषांना तेच जास्त लागलं. टोमणा मारला असता तर निदान उलटून बोलता आलं असतं. दारातून पावलं हळूहळू लांब गेली. त्यांनी ती ओळखली.

आता झालं होतं काय, तर बारा वर्षांपूर्वी पय्योळीच्या वाचनालयात एक शिबिर भरलं होतं. दोन दिवस, सत्तर माणसं, केळफुलाची भजी आणि शेकड्यांनी सीड्या. तिथे प्रश्न निघाला की मलयाळम आवाजाचं पुडकं कोणी सांभाळायचं? आपल्याकडे असा प्रश्न निघाला की दुसरं काय होणार? समिती झाली. अकरा जणांची. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, निमंत्रक, सहनिमंत्रक आणि खजिनाच नसलेल्या समितीचा एक खजिनदार. भाषेसाठी सदैव जागरूक राहण्याचा ठराव झाला, अनुमोदन मिळालं, आभार मानले गेले, ग्रुप फोटो निघाला. मग अर्ज भरायला बसले तर सांभाळणाऱ्याच्या रकान्यात एकच नाव मावत होतं. "निमंत्रकाचं घाला हो, नावापुरतंच तर आहे," अध्यक्ष म्हणाले. निमंत्रक होते पवित्रन माष. त्यांनी नाव घातलं आणि तेव्हाच्या इंटरनेट जोडणीबरोबर मिळालेला ईमेलचा पत्ता घातला.

पहिली दोन वर्षं त्यांनी मन लावून काम केलं. नंतर आवाज नीट चालायला लागला. चालतंय त्याला हात कशाला लावायचा? समितीची दुसरी बैठक कधी झालीच नाही. तीन वर्षांपूर्वी माषांनी जोडणी बदलली, जुना पत्ता मेला आणि प्रागहून येणारी पत्रं त्या मेलेल्या पत्त्यावर पडत राहिली. नवा पत्ता त्यांनी बँकेला कळवला, गॅसवाल्याला कळवला, भावकीत सगळ्यांना कळवला. हे मात्र साफ विसरले.

त्या संध्याकाळी त्यांनी एकेकाला फोन लावले. अध्यक्ष शारजात होते. त्यांना समितीच आठवेना. एक उपाध्यक्ष वारले होते. सहनिमंत्रक म्हणाला, "असं कसं झालं हो? हे गंभीर आहे. आपण एक बैठक घेऊ या." माषांनी फोन ठेवून दिला, नाहीतर तोंडातून काय निघालं असतं कोण जाणे. बायको प्रसीता म्हणाली, "जेवून घ्या." ते म्हणाले, "कोणत्या तोंडाने?" तरी जेवले. भूक कुठे लाजते!

पुढचे तीन आठवडे शाळा सुटली की माष संगणकाच्या खोलीत. बारा वर्षांपूर्वीचे स्वतःचेच नियम त्यांना परक्याने लिहिल्यासारखे वाटत होते. त्यांवर त्यांनी आपल्याच नावाने खोचक शेरे लिहून ठेवले होते: 'हे नंतर नीट करायचं.' 'हे का चालतं कळत नाही, पण चालतं.' मशीन त्यातलं मलयाळम वाचेना. जिषा टीचर शेजारी बसून अक्षरं सांगायच्या, ते सुधारायचे. आवाज दुरुस्त करायचा आणि तोच आवाज नाही, म्हणजे भलताच तिढा. दोनदा माष उठून निघून गेले, दोनदा परत आले. जानेवारीच्या मध्यावर जिषा टीचरनी बाजूला काढून ठेवलेल्या जुन्या मशीनने घशात खडे अडकल्यासारख्या आवाजात पेपरातली एक बातमी वाचली. जिषा टीचरनी टाळ्या वाजवल्या. माषांनी तीच बातमी पुन्हा लावली.

मार्केटाने काम बघितलं आणि मनापासून कौतुक केलं. आणि लिहिलं, की चालू आवृत्तीची दारं आता बंद झाली आहेत, पुडकं पुढच्या आवृत्तीत येईल, जूनमध्ये. सांभाळणाऱ्याचं नाव आणि चालू पत्ता भरून तेवढा अर्ज पाठवा.

जून! परीक्षा मार्चमध्ये. जिषा टीचर स्वतः वरच्या ऑफिसात जाऊन आल्या. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, हळहळला आणि म्हणाला, "परीक्षा संपेपर्यंत मंजूर आवृत्तीला हात लावता येत नाही, टीचर. एकीसाठी लावला तर उद्या कोणीही काहीही घालून येईल." वाईट म्हणजे त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

"पेनड्राइव्हवरून गुपचूप घालायचं का?" परत आल्यावर जिषा टीचरनी विचारलं.

"आणि पकडले गेलो तर? पेपर तिचा रद्द होणार, माझा नाही," माष म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी मुफीदाला संगणकाच्या खोलीत यायचा निरोप पाठवला. ती आली, चाचपत खुर्ची ओढली, बसली. माषांनी सगळं सांगितलं. शिबिर, समिती, पत्ता, पाच पत्रं, जून. आडपडदा ठेवला नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "मी चुकलो, मुफी. दुसरं काही म्हणायला तोंड नाही मला."

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "अकरा जण होतात ना हो तुम्ही?"

"हो."

"अकरातल्या एकालाही वाटलं नाही, बघावं तरी?"

"प्रत्येकाला वाटलं, बाकीचे दहा बघत असतील."

"मला राग आलाय माष. खूप आलाय. घरी उप्पाला सांगितलं, तर ते म्हणाले, माषांनी एवढं केलं, तू काही बोलू नकोस. पण मी बोलणार. आता ती बया पुन्हा जांभया देणार आणि माझं सगळं बंड सात ओळींत मोडणार. तुम्ही तिथे नसणार, मार्केटा नसणार, तुमची समिती नसणार. मी असणार."

ऐकून घेणं तेवढं माषांच्या हातात होतं.

"तो अर्ज गेला का?" तिने एकदम विचारलं.

"कुठला?"

"नावाचा."

"नाही अजून. भरलाय. पाठवायचाय."

"वाचून दाखवा."

माषांनी बटण दाबलं. मशीनने वाचलं. सांभाळणारा: पवित्रन के. पी.

"तुमचं काढा," मुफीदा म्हणाली. "माझं घाला."

माष दचकले. "अगं, तू लहान आहेस. हे एक दिवसाचं काम नाही. दर आवृत्तीला नवं काहीतरी मोडतं, लोक रात्रंदिवस भांडतात, आभार कोणी मानत नाही..."

"तुम्ही तीन वर्षांनी रिटायर होणार. मला पुढे अकरावी आहे, बारावी आहे, कॉलेज आहे. दर परीक्षेला हा आवाज मला लागणार. ज्याला लागतो तो विसरत नाही."

"मलाही लागत होता गं," माष पुटपुटले.

"तुमचं चालत होतं ना, म्हणून."

ते खरंच होतं. माष म्हणाले, "बरं, असं करू. दोघांचं ठेवू. खाली तुझंही घालू, मदतीला. मी शिकवीन तुला सगळं."

"शिकवा. पण नाव दोघांचं नको."

"का गं?"

"दोघं म्हणजे समितीच झाली, माष."

जिषा टीचर कोपऱ्यात कागद चाळत असल्याचं सोंग करत होत्या, त्यांचे कागद थांबले. माषांनी कीबोर्ड पुढे ओढला, नावाच्या शेवटी गेले आणि खोडायचं बटण दाबलं. मशीन प्रत्येक खोडलेलं अक्षर इंग्रजीत म्हणत होतं. पी. के. एन. ए. आर. मुफीदा मान तिरकी करून शेवटपर्यंत मोजत असल्यासारखी ऐकत राहिली. रकाना रिकामा झाला तेव्हा मशीन म्हणालं, "रिकामं."

माषांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

तिने नाव टाइप केलं, एका दमात. मग पत्ता. मग बोटं थांबली.

"माष, हा पत्ता उप्पाच्या फोनवरचा आहे. फोन बदलला तर?"

"तर सगळ्यात आधी इथे कळवायचं," माष म्हणाले. "गॅसवाल्याच्या आधी."

तिने अर्ज पाठवला आणि उठली. दारात नेहमीसारखी क्षणभर थांबली. माषांना वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"बरं," ती म्हणाली आणि गेली. सोमवारी सराव परीक्षेचा पहिला पेपर होता, आणि नववीतल्या त्या मुलीला अजून निरोप द्यायचा होता.